पांढरकड्यावरचे बाद पक्षी

नाशिकहून घोटीकडे निघालं की एका वळणानंतर डाव्या हाताला पांढरकडा दिसतो. म्हणजे दिसायचा. आता त्याचं उजवं टोक तेवढं उरलं आहे. मधला भाग खडी होऊन कुठल्या कुठल्या रस्त्यांखाली गेला. तरी एसटी त्या वळणावर आली की माझी मान आपोआप डावीकडे वळते. शेजारच्या सीटवरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग खिडकीबाहेर बघतो आणि बघण्यासारखं काहीच न दिसल्यामुळे पुन्हा डोळे मिटतो.

त्या कड्यावर गिधाडं होती. मी ती कितीतरी हिवाळे पाहिली. ती होती एवढंच एकदा कागदावर दाखवायचं होतं. दाखवता आलं असतं, तर कडा कदाचित राहिला असता, आणि त्याच्या पायथ्याचा पाडाही. मला ते दाखवता आलं नाही. सगळं माझ्यामुळे झालं असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं, हे मला कळतं. पण मनातून ते जात नाही, आणि आता जाईल असं वाटतही नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही तिघं पक्ष्यांच्या मागे लागलो होतो. निसर्गाची ओढ वगैरे होतीच, पण खरी चुरस आकड्यांची. सबनीस सर शाळेत गणित शिकवायचे. कुलथ्यांचं सराफ बाजारात दुकान होतं. दिवसभर भिंगातून नथीतले बारीक टाके तपासणारा हा माणूस दूरच्या बाभळीतल्या दोन करड्या वटवट्यांमधला फरक सांगायचा. आणि मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. चेहरा न दिसणाऱ्या माणसांचे आवाज ओळखण्यात माझा दिवस जायचा, त्यामुळे झाडीत लपलेला पक्षी आवाजावरून सगळ्यांत आधी मला कळायचा. "मॅडम, तुम्ही काय पक्ष्यांना नंबर विचारता की काय?" कुलथे म्हणायचे. मनातून ते जळायचे, आणि ते जळतात याचा मला फार आनंद व्हायचा.

माझी दुर्बीण देवळाली कॅम्पच्या बाजारातली, कुणा लष्करी साहेबाच्या सामानातून निघालेली. डाव्या काचेवर एक चरा होता आणि पेटीला कातड्याचा नि डांबरगोळ्यांचा वास यायचा. तो वास अजून कुठे आला की मला थंडी वाजते. कारण ती पेटी उघडायची म्हणजे पहाट, बोटं गारठलेली, आणि निफाडच्या पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर धुकं इतकं दाट की आधी बदकांची कुजबुज ऐकू यायची आणि बदकं तासाभराने दिसायची. काठच्या द्राक्षबागांतून औषधाच्या फवाऱ्याचा वास यायचा. चक्रवाक ओरडायचे. तिघं तीन दिशांना तोंड करून उभे राहायचो, कुणी कुणाला काही दाखवायचं नाही असं ठरवल्यासारखे.

आमचा हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा आणि गुढीपाडव्याला संपायचा. दसऱ्याच्या सकाळी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारातून झेंडू आणि शेवंतीच्या पाट्या गल्लोगल्ली फिरत असायच्या, त्या वेळी आम्ही सरांच्या घरी जमायचो. सर शस्त्रपूजेत दुर्बीण ठेवायचे. तिला हळदकुंकू लागायचं आणि मग काचेवरचं कुंकू पुसताना सबनीस काकूंची बोलणी खायचे. हंगामाला एक नवी वही, तिघांची मिळून. तिच्या पहिल्या पानात आपट्याचं पान ठेवून सर म्हणायचे, "चला, सीमोल्लंघन." पाडव्याला बेरीज व्हायची. जो शेवटी राहील त्याने बाकीच्यांना मिसळ खिलवायची. तर्रीने नाक वाहत असताना जिंकलेल्याने हरलेल्याला एकेक पक्षी पुन्हा ऐकवायचा, हाही रिवाज होता.

सरांचे नियम म्हणजे परीक्षेचे नियम. मुख्य तीन. पक्षी दोघांनी पाहिला तरच तो धरायचा; गुण आधी पाहणाऱ्याला. संध्याकाळी परतल्यावर दिवसाची यादी लिहून झाली की शेवटच्या पक्ष्याला चिकटून लाल रेघ मारायची आणि तिघांनी सह्या करायच्या, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडायला नको. आणि तिसरा नियम बाद पक्ष्यांचा. कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा, घार, गायबगळा हे जागोजागी दिसणारे पक्षी बाद. त्यांना गुण नाहीत. नुसते गुण नाहीत असं नव्हे, त्यांची नावं वहीत लिहायचीच नाहीत. लिहिलं तर एक गुण वजा. "जागा अडते आणि बेरीज चुकते," सर म्हणायचे. बाद पक्ष्यांची यादी त्यांनी आपल्या कपाटाच्या दारावर खळीने चिकटवली होती.

त्या यादीत शेवटचं नाव माझ्यामुळे चढलं. पहिल्याच हंगामात कुलथे त्यांच्या एम-एटीवरून घोटीकडे गेले, पांढरकडा शोधून आले आणि संध्याकाळी ऐटीत म्हणाले, "गिधाड. दोन गुण मांडा. सर साक्षीला आहेत, मागे बसले होते." मला एसटीशिवाय वाहन नव्हतं. या माणसाने उठावं, किक मारावी आणि दोन गुण खिशात घालून यावेत, हे मला सहन होईना.

"गिधाडाला गुण?" मी म्हणाले. "घोटीच्या बाजारामागे ढोर मरून पडलं की बसस्टँडवरून दिसतात. मग उद्या कावळ्यालाही द्या."

कुलथे लालबुंद झाले. सरांनी पेनाचं टोपण दाताखाली धरून थोडा विचार केला. "तिचा मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले आणि कपाटाजवळ जाऊन यादीच्या तळाशी त्यांनी गिधाडाचं नाव लिहिलं. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात चक्क गुणगुणत होते.

पांढरकड्यावर मग मीही जायला लागले; साक्षीला दोघांपैकी कुणीतरी असायचंच. गिधाडांसाठी नव्हे; तिथे शाहीन ससाणा दिसतो, कातळावर निळा कस्तूर येतो, पाकोळ्यांचे थवे असतात म्हणून. पहिल्या एसटीने घोटीच्या अलीकडे उतरायचं आणि बांधाबांधाने चालत पाड्यावर जायचं. भात कापून झालेलं असायचं. खाचरांतून पेंढ्याचा गोडसर, दमट वास यायचा, आणि वारा घोटीकडून असला तर भाताच्या गिरणीतल्या कोंड्याचा. मग कडा जवळ येऊ लागला की दुसरा वास सुरू व्हायचा. उग्र, नाक मुरडायला लावणारा. तो गिधाडांचा. त्यांच्या शिटेने अख्खा कातळ वरपासून खालपर्यंत पांढऱ्या ओघळांनी माखलेला होता. उन्हात चुना फासल्यासारखा दिसायचा. कड्याला नाव पडलं ते त्यावरूनच.

पाड्यावर दहाबारा घरं होती आणि त्यांतलं सगळ्यांत वरचं सोमादादाचं. माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्याच्या घरामागून कड्याच्या पोटातला झरा वाहायचा आणि सगळा पाडा, खालची भाताची खाचरं, गुरं, सगळं त्या झऱ्यावर होतं. त्याची बायको चिंधाबाई गुळाचा कोरा चहा द्यायची, सोबत कालची नागलीची भाकरी चुलीवर कडक करून. चुलीचा धूर माझ्या स्वेटरला बसायचा आणि पुढचे दोन दिवस टेलिफोन ऑफिसात शेजारच्या मुली विचारायच्या, कुठे जळलीस म्हणून.

सोमादादाला आमच्या मोजण्याची फार मजा वाटायची. मी कातळावरच्या एका इवल्याशा पक्ष्यावर दुर्बीण रोखून तासभर बसले की तो म्हणायचा, "ताई, येवढाली मोठाली बसल्याली सोडून त्या टिचभर पाखराला काय बघता?"

"ती बाद आहेत, दादा."

"बाद म्हंजी?"

"म्हणजे धरायची नाहीत."

"आसं का," तो म्हणायचा आणि पुन्हा कड्याकडे बघत बसायचा. त्याला ते पटलेलं नाही हे दिसायचं.

ऊन तापलं की ती एकेक करून कड्यावरून सुटायची. पंख न हलवता, नुसती सुटायची, आणि वर वर जाऊन ठिपके व्हायची. पाड्यातली म्हैस मेली की तिला खालच्या माळावर नेऊन टाकायचे, आणि मग आभाळातून ती जी उतरायची, त्याचा आवाज मोठी सतरंजी झटकल्यासारखा यायचा. भांडणं, फिस्कारणं, एकमेकांच्या पाठीवर चढणं. दुपारपर्यंत माळावर पांढरा सापळा. आणि देवळालीला तोफांचा सराव असला की गोळ्याचा धक्का इथवर पोचायचा. एक घुमारा यायचा, आणि पुढच्या क्षणी कड्यावरचं सगळंच्या सगळं आभाळात. आमच्या डोक्यावर सावल्यांची नुसती धावपळ. मी त्या वेळी काय करत असेन? दुर्बीण खाली करून ती परत बसण्याची वाट बघत असे. त्यांच्या गर्दीमुळे ससाणा दिसत नाही म्हणून चिडत असे. खरंच चिडत असे.

त्या गर्दीतून आम्हाला हवं होतं एकच. राजगिधाड. तांबड्या डोक्याचं, एकटं राहणारं, दुर्मिळ. त्याला पाच गुण. म्हणून आम्ही साधी गिधाडं एकेक करून दुर्बिणीखालून घालायचो, हे नाही, हे नाही, हेही नाही, असं करत. इतकं बारकाईने त्यांच्याकडे दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल.

पाचव्या हंगामात कुलथे आणि मी एकाच खडकावर बसलो होतो. पाडवा आठवड्यावर होता आणि मी त्यांच्यापेक्षा चार गुणांनी पुढे होते. अचानक ते दबक्या आवाजात म्हणाले, "तांबडं डोकं. डावीकडची कपार. मॅडम, लवकर."

मी वळले. डोळ्यांत ऊन आलं. काळपट अंगाचं काहीतरी कपारीत सरकलं आणि त्याबरोबर लालसर काहीतरी. ते डोकं होतं की कातळातली माती, हे मी त्या वेळी नीट ठरवलंच नाही. पाच गुण मिळाले तर ते माझ्यापुढे जातात, हा हिशेब त्याआधीच होऊन गेला होता.

"पाहिलंत ना?" कुलथे म्हणाले.

"डोकं नाही दिसलं मला."

"खरंच नाही?"

"नाही."

संध्याकाळी सरांनी नियमाप्रमाणे वहीत 'राजगिधाड, पांढरकडा' असं लिहिलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'अमान्य'. खाली तिघांच्या सह्या. पहिली माझी. त्या वर्षीची मिसळ कुलथ्यांनी दिली आणि ती खाताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. आठवडाभराने ते पुन्हा पहिल्यासारखे बोलू लागले. मनात ठेवणारा माणूस नव्हता तो.

नंतरचे हिवाळे आठवायला गेले की मला वर्षं वेगवेगळी काढता येत नाहीत. सगळ्यांतून तोच पेंढ्याचा वास येतो. कधीतरी पाड्यावर वीज आली, कधीतरी मी स्कूटी घेतली, सरांचे केस पांढरे झाले. कुठल्या हिवाळ्यात गिधाडं कमी दिसू लागली ते मला सांगता येत नाही, आणि हेच तर सगळं दुखणं आहे. एका सकाळी मी शीळकरी कस्तुराच्या मागावर होते. ओढ्यावरून त्याची शीळ येत होती आणि मी वाकून झुडपांतून पुढे सरकत होते. सोमादादा मागून आला.

"ताई, परवाधरनं म्हस पडल्याली हाय माळावर."

"बरं."

"तशीच हाय. कुत्री येत्यात, बाकी कोन नाय. लय घान सुटलीय."

"येतील हो दादा, जातात कुठे," मी म्हणाले आणि ओठांवर बोट ठेवलं. कस्तूर गप्प झाला होता, आणि दादा बोलल्यामुळेच झाला असं मला वाटलं.

ती आली नाहीत. ती म्हैस माळावरच कुजली. पुढच्या हिवाळ्यात कड्यावर पाचसात होती, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एक जोडी, आणि मग कपारी नुसत्याच. हे पाचसात आणि एक जोडीसुद्धा मी आठवणीने म्हणते आहे. लिहिलेलं नाही. एव्हाना ती दुर्मिळ झाली होती, पण बाद यादीतून नाव काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. का गेली, गुरांना टोचायच्या औषधाने कशी मेली, ते सगळं पुढे छापून आलं, शहाण्या माणसांनी शोधून काढलं. मला आठवते ती कड्यावरची शांतता आणि दर पावसाळ्यानंतर आणखी थोडा काळा होत गेलेला कातळ. पावसाने ते पांढरे ओघळ धुऊन नेले. चारपाच पावसाळ्यांत पांढरकडा इतर कुठल्याही कड्यासारखा काळा झाला. उग्र वासही गेला. त्या वासाची मला कधी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

सर गेले आणि आमची चढाओढ त्यांच्याबरोबर संपली. त्यानंतर दोनेक वर्षांनी एका दुपारी सोमादादा माझ्या दारात उभा. पायात नवी चप्पल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या घरी आला होता.

"कडा फोडनार हायेत," तो म्हणाला. "खडीची मशिन येनार. झरा त्याच्याच पोटातून येतो, ताई. कडा गेला की आमी काय प्यायचं?"

एका सरकारी कचेरीत सुनावणी होती. तिथल्या साहेबांनी त्याला भलेपणाने सांगितलं होतं की तिथे गिधाडांची घरटी होती असा जुना, लिखित पुरावा असला तर त्यांना काहीतरी करता येईल. गिधाडांची जुनी जागा सहज फोडू देत नाहीत. गावकऱ्यांचं तोंडी सांगणं चालणार नाही, कागद हवा.

"मी म्हनलं, कागद हाय ना," सोमादादा म्हणाला. "आमच्या ताई दर वर्साला यायच्या न् लिहून न्यायच्या. वह्याच्या वह्या भरल्यात."

तो हे इतक्या खात्रीने म्हणाला की मी उठून त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाही.

वह्या सबनीस काकूंकडे होत्या. त्यांनी त्या सरांच्या जुन्या धोतरात बांधून ठेवल्या होत्या. "घेऊन जा गं," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी कामाला येतायत, त्यांना केवढं बरं वाटलं असतं." मी कपाटाच्या दाराकडे पाहिलं. दारावर हिरवा, तकतकीत ऑइलपेंट होता. बाद यादी कुठे आहे असं विचारलं तर काकू म्हणाल्या, "तो कागद होय? रंग दिला तेव्हा खरवडून काढला."

कुलथे आणि मी त्यांच्या दुकानात बसून सगळ्या वह्या पान न् पान पाहिल्या. पांढरकडा, शाहीन ससाणा एक, सकाळी सव्वाआठ. पांढरकडा, निळा कस्तूर नर एक. पांढरकडा, पाकोळ्या अंदाजे साठ. सरांचं अक्षर मोत्यासारखं. आपट्याची पानं करकरीत वाळून जागच्या जागी होती. साधं गिधाड कुठेच नव्हतं. कुलथ्यांनी दुकानाचं दार लोटलं, डोळ्याला भिंग लावलं आणि एका पानावरची शेवटची ओळ आणि लाल रेघ यांच्या मधल्या फटीवर वाकले. ते काय शोधत होते ते मला कळलं, आणि मी त्यांना थांबवलं नाही. पुष्कळ वेळाने त्यांनी भिंग काढलं.

"सरांनी जागाच नाही हो ठेवली," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी प्रतिज्ञापत्र केलं. आम्ही वर्षानुवर्षं तिथे जात होतो, गिधाडांची घरटी डोळ्यांनी पाहिली आहेत, असं. साहेबांनी ते वाचून विचारलं, "जात होतात याला आधार?" आधार म्हणजे वह्या. त्या द्याव्या लागल्या. त्यांच्या झेरॉक्स खाणवाल्यांच्या वकिलालाही मिळाल्या, आणि सुनावणीच्या दिवशी त्याच्या प्रतीत जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या.

वकील तरुण होता आणि बोलायला अगदी सभ्य. त्याने आधी आमचं कौतुक केलं. इतक्या बारकाईने नोंदी ठेवणारी माणसं विरळा, तो म्हणाला. वेळ आहे, जागा आहे, नर-मादी आहे, रोज तिघांच्या सह्या आहेत. मग म्हणाला, "साहेब, या लोकांच्या नजरेतून टिचभर पक्षी सुटलेला नाही. मग एवढं मोठं गिधाड कसं सुटेल? या वह्या म्हणजे तिथे गिधाडं नव्हती याचाच पुरावा आहे." त्याने एक पिवळी चिठ्ठी उलटली. "अख्ख्या वह्यांत गिधाड एकदाच आलंय. राजगिधाड. त्यावर रेघ आहे, पुढे 'अमान्य' लिहिलंय. खाली पहिली सही मॅडमचीच आहे."

मी उभी राहिले. नियम सांगितला, बाद पक्षी म्हणजे काय ते सांगितलं.

"तो नियम कुठे लिहिलेला आहे?" साहेबांनी विचारलं.

"सरांच्या कपाटावर होता."

"म्हणजे, मॅडम," वकील म्हणाला, "खूप होती म्हणून लिहिली नाहीत, असं तुमचं म्हणणं?"

"हो."

खोलीतली एकदोन माणसं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी प्रतिज्ञापत्र पुन्हा एकदा वाचलं, बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझं खरं वाटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

सोमादादाला सीबीएसच्या बसस्टँडवर सोडायला मी गेले. घोटीची गाडी लागायची होती. तो बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मला वाटलं तो रागावेल. रागावला असता तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

"येक इचारू, ताई?" तो म्हणाला. "तुमी कड्यावर बसायच्या तवा तुमाला ती दिसायची तर खरी ना?"

"दिसायची, दादा. रोज दिसायची."

"मंग बरं," तो म्हणाला. "मला वाटाय लागलं व्हतं, आमीच सपान बघितलं का काय." गाडी आली, आणि तो खिडकीतून हात न हलवता गेला.

पाड्यावर मी अजून जाते. वर्षातून एकदोनदा. झरा पहिल्याच वर्षी गढूळ झाला आणि तिसऱ्या उन्हाळ्यात थांबला. आता टँकर येतो, तो येईल तेव्हा. निम्मी घरं बंद आहेत. माणसं घोटीला, काही नाशिकला बांधकामावर गेली. भाताच्या पातीवर पांढरी धूळ बसते. चिंधाबाई गेली. सोमादादा सकाळभर खोकतो आणि दुपारी सुरुंग उडाला की वर बघतो. धक्का बसतो, खडी घरंगळल्याचा आवाज येतो. त्याच्याबरोबर मीही वर बघते. आभाळात काही नसतं.

मागच्या वेळी गेले तेव्हा त्याची सून अंगणात नागली पाखडत होती. ती पेठ तालुक्याकडची, कडा फुटायला लागल्यावर लग्न होऊन या घरात आलेली. तिने गिधाड पाहिलेलं नाही. सासऱ्याच्या तोंडून रोज ऐकून तिला आता बहुतेक खरं वाटेनासं झालं असावं.

"मामा म्हनत्यात, लय व्हती," ती सूप थांबवून म्हणाली. "लय म्हंजी किती व्हती?"

सोमादादाने माझ्याकडे बोट केलं. त्याच्या बोलण्यात कसलाही टोमणा नव्हता. "ताईला इचार," तो म्हणाला. "त्या मोजायलाच यायच्या."

ती माझ्याकडे वळली.

"खूप होती," मी म्हणाले.

ती सूप हातात धरून तशीच थांबली. तिला आकडा हवा होता.